खेळांचे एक वर्ष : २०२०



काही वर्षे नुसत्या आकड्यानेच लक्षात राहतात. मराठवाड्यातल्या माणसापुढे १९७२ म्हटले की दुष्काळ उभा राहतो, १९९३ म्हटले की किल्लारीचा भूकंप. २०२० म्हटले की टाळेबंदी आठवते. तेव्हा तुमच्यापैकी बहुतेक जण प्राथमिक शाळेत होते. दहावीचा भूगोलाचा पेपर त्या वर्षी रद्द झाला, शाळांना कुलपे लागली आणि घरातला मोबाइल एकाएकी फळा, वही आणि मैदान असा तिन्हींच्या जागी येऊन बसला.

याच वर्षाला आणखी एक बाजू आहे. व्हिडिओ गेमच्या इतिहासात २०२० हे मोठे गाजलेले वर्ष आहे. जगभर नवे खेळ आले, जुने खेळ नव्याने उसळले, एक खेळ आपल्या देशात बंद झाला आणि एक खेळ आपल्या पुण्यातून जगात गेला. या वर्षाकडे आज वळून पाहावे असे मला वाटते. कारण या सगळ्या गडबडीत मोठ्या माणसांनी तुम्हाला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ‘तो मोबाइल आधी ठेव’. आणि दुसरी, स्वतःला काम असेल तेव्हा, ‘घे, पण गप्प बस’. या दोन्ही उत्तरांत विचार नाही. माझे म्हणणे असे की, खेळ उघडून पाहावा. त्याच्या आत काय चालले आहे हे ज्याला कळते, तो खेळाचा धनी होतो. ज्याला कळत नाही, त्याला खेळच खेळवतो.

त्या वर्षी काय घडले?

२० मार्च २०२० रोजी जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ हा खेळ बाजारात आला. त्यात लढाई नाही. एक बेट असते, तेथे झाडे लावायची, मासे धरायचे, शेजाऱ्यांकडे जायचे. ज्या आठवड्यात जगातली माणसे आपापल्या घरांत अडकली, नेमक्या त्याच आठवड्यात शेजाऱ्याकडे जाण्याचा हा खेळ आला आणि लोकांनी तो उचलून धरला.

‘अमंग अस’ हा खेळ मोजक्या माणसांच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीने २०१८ मध्येच काढला होता. दोन वर्षे त्याला फारसे कोणी विचारले नाही. २०२० मध्ये तो एकदम घरोघर पोचला. आपल्याकडे तेच भाग्य ‘लुडो किंग’ला लाभले. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा हा खेळ २०१६ सालचा. टाळेबंदीत नांदेडची आजी, पुण्याचा मामा आणि दुबईला नोकरीस असलेला काका एका पटावर बसले ते याच खेळामुळे. खेळ मात्र मुळात नवा नाही. आपला सारीपाट इंग्रजांनी पाहिला, त्यातल्या कवड्यांच्या जागी एक ठोकळा फासा आणला आणि १८९६ साली इंग्लंडमध्ये ‘लुडो’ नावाने त्याचे पेटंट घेतले. सव्वाशे वर्षांनी तो मोबाइलमध्ये शिरून पुन्हा आपल्या ओसरीवर आला.

१८ ऑगस्ट २०२० या एकाच दिवशी दोन निराळे खेळ आले. पहिला मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’. फ्रान्समधल्या असोबो स्टुडिओने तो घडवला. उपग्रहांतून आणि विमानांतून टिपलेल्या छायाचित्रांवरून त्यात सगळी पृथ्वी उभी केलेली आहे. विमानाच्या पंखांवरून हवा कशी वाहील याचा हिशेब संगणक सतत करीत राहतो. दुसरा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने बनवला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात ती निघते. या खेळातली चित्रे पहाडी लघुचित्रांच्या शैलीत आहेत, वाडे आणि किल्ले राजस्थानी धाटणीचे आहेत. खेळासाठी लोकवर्गणी गोळा करण्याचा पहिला प्रयत्न २०१७ मध्ये फसला होता. तरी मंडळींनी काम सोडले नाही. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांच्या पाच नामांकनांत ‘राजी’चे नाव होते. पुरस्कार दुसऱ्या खेळाला गेला; पण पुण्याचे नाव त्या यादीत लागले, ही गोष्ट लहान नाही.

२ सप्टेंबरला भारत सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ होता. मूळ खेळ दक्षिण कोरियाचा, मोबाइलवरची आवृत्ती चीनच्या टेन्सेंट कंपनीची. लातूर आणि नांदेडच्या शिकवणीच्या गल्ल्यांत पुष्कळ पालकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. ‘नीट’ परीक्षा अवघ्या ११ दिवसांवर आली होती. परंतु बंदीचे कारण मुलांचा अभ्यास हे नव्हते. देशाची सुरक्षितता आणि वापरणाऱ्यांची खासगी माहिती हे कारण होते. जुलै २०२१ मध्ये तो खेळ नवे नाव धारण करून परतही आला. तात्पर्य, तुमचा वेळ सांभाळण्याचे काम सरकार तुमच्यासाठी करणार नाही.

वर्षाच्या अखेरीस, १० डिसेंबरला, पोलंडच्या एका नामांकित कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा आठ वर्षे गाजावाजा झालेला खेळ आला. जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळू लागला की, आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत देऊ केले. उत्तर तपासून न पाहता पेपर देणाऱ्या हुशार मुलाचे जे होते, तेच येथे झाले.

खेळाच्या पोटातले भौतिकशास्त्र

आता खेळाच्या आत शिरू. एक गंमत तुम्हाला ठाऊक असायला हवी. पडद्यावरचा एक अगदी पहिला खेळ भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्मला. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवण्याच्या दिवशी लोक कंटाळतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांच्या संगणकाबरोबर आलेल्या पुस्तिकेत फेकलेल्या वस्तूचा मार्ग कसा काढावा हे दिलेले होते. त्यावरून त्यांनी ऑसिलोस्कोपच्या छोट्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. ऑक्टोबर १९५८ मध्ये तो खेळण्यासाठी पाहुण्यांच्या रांगा लागल्या. पुढच्या वर्षी त्यांनी त्यात चंद्राचे आणि गुरू ग्रहाचे गुरुत्वाकर्षण लावून खेळण्याचीही सोय केली.

आजचा खेळही त्याच पायावर उभा आहे. पडद्यावर उडी मारणारे पात्र खरोखर उडत नाही. संगणक सेकंदाला साधारण ३० किंवा ६० चित्रे काढतो. प्रत्येक चित्राआधी तो दोन लहान बेरजा करतो:

नवा वेग = जुना वेग + (त्वरण × काळ)
नवी जागा = जुनी जागा + (नवा वेग × काळ)

नववीत तुम्ही गतीची समीकरणे शिकता, ती हीच. वही घ्या आणि करून पाहा. पात्राचा सुरुवातीचा वेग वरच्या दिशेने सेकंदाला ५ मीटर. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरा. ते खाली ओढते, म्हणून वेगातून वजा होते. दोन चित्रांमधला काळ ०.१ सेकंद घ्या. पहिल्या पायरीत वेग ४ होईल आणि उंची ०.४ मीटर. दुसरीत वेग ३ आणि उंची ०.७. पुढे ०.९, मग १.०, आणि वेग शून्य झाला की वर चढणे संपले. उंची १ मीटर आली.

आता पुस्तकातल्या सूत्राने पडताळा: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरणाची दुप्पट. २५ भागिले २०, म्हणजे १.२५ मीटर. उत्तर जुळत नाही! चूक कोठे झाली? चूक बेरजेत नाही, पायरी मोठी घेतली यात आहे. काळ ०.०१ सेकंद घेऊन तीच बेरीज केली तर उंची १.२२५ मीटर येते. पायरी जितकी लहान तितके उत्तर खऱ्याच्या जवळ. कलनशास्त्राचा सारा पाया या एका वाक्यात आहे. आणि यातून एक मजेदार गोष्ट निघते: खेळ रचणाऱ्याने काळजी घेतली नाही, तर मंद मोबाइलवरचे पात्र वेगवान मोबाइलवरच्या पात्रापेक्षा ठेंगणी उडी मारील.

आणखी एक उदाहरण. बंदुकीची गोळी सेकंदाला ३०० मीटर जाते आणि चित्रे सेकंदाला ६० आहेत असे धरा. दोन चित्रांच्या मध्ये गोळी ५ मीटर पुढे जाईल. भिंत २० सेंटिमीटर जाडीची असेल, तर एका चित्रात गोळी भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या चित्रात पलीकडे! भिंतीला ती लागलीच नाही. म्हणून खेळ रचणाऱ्याला गोळीची जागा पाहून भागत नाही, तिच्या मार्गाची रेषा भिंतीला छेदते का हे भूमितीने तपासावे लागते.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. तुमच्या आवडत्या खेळातल्या पात्राला उडी मारायला लावा. दुसऱ्या मोबाइलने तिचे चित्रीकरण करा आणि उडी किती वेळ चालली ते चित्रे मोजून काढा. पात्राची उंची १.६ मीटर धरून तीच तुमची मोजपट्टी. समजा, पात्र स्वतःच्या उंचीइतके उडाले आणि ०.८ सेकंदात खाली आले. चढायला ०.४ सेकंद लागले असे धरा. गुरुत्व त्वरण म्हणजे उंचीची दुप्पट भागिले काळाचा वर्ग: ३.२ भागिले ०.१६, म्हणजे २०. पृथ्वीवर हे मूल्य ९.८ आहे. म्हणजे ते पात्र पृथ्वीच्या दुप्पट गुरुत्वाच्या ग्रहावर राहते! पृथ्वीवर एवढ्या उडीला १.१४ सेकंद लागले असते. खेळाडूला तेवढे थांबणे संथ वाटते, म्हणून रचणारे गुरुत्व मुद्दाम वाढवतात. अनेक खेळांत चढताना एक गुरुत्व आणि उतरताना त्याहून जास्त गुरुत्व असते. चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ वेगवेगळा मोजलात, तर तुम्हाला ही लबाडी पकडता येईल.

सहा का पडत नाही?

लुडो खेळताना प्रत्येकाची एक तक्रार असते: ‘मला सहा पडतच नाही, मोबाइल लबाडी करतो.’ आपण ही तक्रार गणिताच्या न्यायालयात नेऊ.

एका फेकीत सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. लागोपाठ दहा फेकींत सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.१६. दर सहा माणसांत एकाला हा अनुभव येणारच. चौघे जण खेळत असतील, तर त्यांच्यापैकी निदान एकाला पहिल्या दहा फेकींत सहा न पडण्याची संभाव्यता जवळपास निम्मी भरते. म्हणजे दर दोन डावांत एका डावात कोणीतरी रडणार, आणि तरीही फासा अगदी प्रामाणिक असेल!

पण प्रामाणिक आहेच कशावरून? तेही तपासता येते. ६०० फेकी नोंदवा. वर्गातल्या ३० जणांनी २० फेकी केल्या की काम झाले. प्रत्येक आकडा सरासरीने १०० वेळा यावा. बरोबर १०० येणार नाही. ८० ते १२० च्या दरम्यान आला तर संशयाला जागा नाही. एखादा आकडा १५० वेळा आला, तर मात्र प्रश्न विचारा. फासा खरा की खोटा हे एका डावावरून ठरत नाही, पुष्कळ फेकींवरून ठरते. औषध गुणकारी आहे की नाही, हेदेखील शास्त्रज्ञ अशाच रीतीने ठरवतात.

संगणकाकडे खरा फासा नसतो. तो संख्या हिशेबाने ‘बनवतो’. एक साधी कृती पाहा: कोणतीही संख्या घ्या, तिला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी लिहा. त्या बाकीवर पुन्हा हीच कृती करा. ७ पासून सुरुवात केली तर ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ अशा संख्या येतात आणि मग पुन्हा ७. शून्य ते पंधरा या सगळ्या संख्या आल्या, एकही दोनदा आली नाही, आणि क्रम विस्कळीत दिसतो. पण नीट पाहा: विषम, सम, विषम, सम! विस्कळीतपणाच्या आड एक नियम दडला आहे. खऱ्या खेळांतल्या कृती याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या असतात, तत्त्व मात्र हेच. जे आपोआप घडल्यासारखे दिसते त्यामागे कोणीतरी लिहिलेला नियम असतो, हे ज्याला कळले त्याने संगणकाचे अर्धे शास्त्र जाणले.

खेळ तुम्हाला खेळवतो तेव्हा

येथवर मी खेळाची बाजू घेतली. आता दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे.

बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदीर आणि कबुतरे यांवर प्रयोग केले. दर वेळी कळ दाबली की दाणा मिळतो असे असले, तर दाणा बंद होताच प्राणी लवकर कळ सोडतो. परंतु दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर तो कितीतरी अधिक वेळ कळ दाबत राहतो. पुष्कळ खेळांत बक्षिसाची पेटी याच नियमाने उघडते. कधी काही मिळते, कधी नाही. म्हणून ‘आणखी एकदा’ असे वाटते. हे वाटणे तुमच्या स्वभावातला दोष नाही. ते कोणीतरी आकडेमोड करून रचलेले असते. रचना ओळखता आली की तिची पकड सैल होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला; ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. तेथे तास मोजलेले नाहीत. लक्षणे तीन आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच ठेवणे, आणि हे सर्व साधारणपणे वर्षभर टिकलेले असणे. सुट्टीत दोन तास खेळणारा मुलगा आजारी नसतो. परंतु ही तिन्ही लक्षणे एखाद्या मित्रात दिसली, तर त्याला हसू नका. त्याच्या घरच्यांना किंवा विश्वासातल्या शिक्षकांना सांगा. पाय मोडला तर आपण डॉक्टरकडे जातो, तसेच हेही आहे.

पैसे लावून खेळण्याचा मामला निराळा आणि अधिक धोक्याचा आहे. लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा संमत करून पैशाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, मना केले. पैशाविना खेळायच्या खेळांना मात्र उत्तेजन देण्याचे धोरण ठेवले. कायद्याचे राहू द्या, तुम्ही गणितच करा. दहा जणांनी शंभर-शंभर रुपये टाकले आणि चालकाने शंभर काढून घेतले, तर वाटण्यास नऊशेच उरतात. दहा जण मिळून प्रत्येक डावात शंभर रुपये हरतात. कोण जिंकतो हे बदलेल, चालक जिंकतो हे बदलणार नाही.

आपला खेळ आपण रचावा

‘राजी’मधले किल्ले राजस्थानी आहेत. आपल्याकडे काय कमी आहे? नांदेड जिल्ह्यात कंधारचा भुईकोट आहे, होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत. लातूर जिल्ह्यात औसा आणि उदगीरचे किल्ले आहेत, खरोशाची लेणी आहेत. यांतले एकही ठिकाण खेळात आणायचे तर आधी ते मोजावे लागेल, त्याचे चित्र काढावे लागेल, त्याचा इतिहास वाचावा लागेल. खेळ रचणारा मुलगा आपोआप तीन विषयांचा अभ्यास करतो.

त्यासाठी महागडा संगणक लागतो असेही नाही. एक वाडगा, मूठभर चिंचोके आणि एक फासा घ्या. वाडगा हे धरण. सुरुवातीला त्यात १० चिंचोके टाका. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दर महिन्याला फासा टाका आणि पडेल त्याच्या दुप्पट चिंचोके धरणात घाला. बाराही महिने शहर एक चिंचोका नेते आणि ऊस एक नेतो. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत ऊन आणखी एकेक नेते. हिशेब करा: फाशाची सरासरी साडेतीन, म्हणून वर्षाची सरासरी आवक २८. खर्च १२ अधिक १२ अधिक ४, तोही २८. सरासरीने सगळे बरोबर जुळते. आता पाच वर्षे खेळून पाहा. एखाद्या वर्षी वाडगा कोरडाही पडू शकेल. सरासरी जुळली म्हणजे पाणी पुरले असे होत नाही. दोन वाईट वर्षे लागोपाठ आली की संपले. मग नियम बदला. उसाच्या जागी तीनच महिने एकेक चिंचोका घेणारा हरभरा लावा आणि पुन्हा खेळा.

हा पोरखेळ नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. एकूण ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक होती. म्हणजे त्या सगळ्या गाडीचे पाणी माणशी दीड लिटरही भरत नाही. धरणाच्या हिशेबात कोणाची चूक कोठे झाली हे समजून घ्यायचे, तर चिंचोक्यांचा हा खेळ म्हणजे पहिली पायरी होय. अभियंते मोठ्या संगणकावर जे प्रतिरूप मांडतात, ते याचाच थोरला भाऊ असते.

शिक्षक आणि पालकांना दोन शब्द

मी ज्या भागात शिकवतो, तेथे प्रत्येक तासाला गुणांचे मोल आहे. लातूर पॅटर्नने सामान्य घरातल्या कितीतरी मुलांना डॉक्टर आणि इंजिनीयर केले, त्याचा मला आदर आहे. ‘यासाठी वेळ कोठून आणायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, वर सांगितलेले सर्व अभ्यासक्रमातलेच आहे. गतीची समीकरणे, संभाव्यता, सरासरी, बाष्पीभवन यांचे तास आपण घेतोच. त्यांतला एक तास मुलांच्या खिशातल्या खेळावर घ्यावा, एवढेच मागणे आहे. ज्या मुलाने खेळातले गुरुत्व स्वतः मोजले, त्याला ९.८ हा आकडा पाठ करावा लागत नाही.

दुसरे असे की, २०२० मध्ये पुष्कळ घरांत एकच मोबाइल होता आणि तो वडिलांबरोबर शेतावर जात होता. अशा मुलांसाठी ‘टिलीमिली’सारखी मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखवावी लागली. आजही सगळ्यांच्या हाती सारखे यंत्र नाही. म्हणून प्रयोग गटाने करावा. चार जणांत एक मोबाइल पुरतो, आणि चिंचोके तर सगळ्यांनाच मिळतात. ज्याच्याकडे मोबाइल नाही तो मागे पडला, असे आपल्या वर्गात तरी होऊ नये.

मित्रांनो, यापुढे कोणताही खेळ हाती घेतलात की त्याला तीन प्रश्न विचारा. याचे नियम कोणते आणि ते कोणी लिहिले? यात माझे कौशल्य किती आणि फाशाचे दान किती? आणि मी थांबावे अशी याची इच्छा आहे का? पहिल्या प्रश्नाने तुम्ही शास्त्राकडे जाल, दुसऱ्याने गणिताकडे, आणि तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर कधी थांबायचे हे तुम्हीच खेळाआधी ठरवा. आज संध्याकाळी उडी मोजा, उद्या वर्गात ६०० फेकींचा तक्ता फळ्यावर मांडा. तुमचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळले नाहीत, तर अधिकच चांगले. का जुळले नाहीत, हे शोधायला घ्या.